घोडागाडीची जुनी इंग्लिश प्रिंट घ्यायची असेल तर कुठून सुरुवात करायची

चार घोडे, लालभडक चाकं, मागे लाल कोटातला एक जण लांब भोंगा वाजवतोय आणि गाडी धूळ उडवत निघालीय. हे चित्र तुम्ही कुठेतरी नक्की पाहिलंय, जुन्या क्लबाच्या जिन्यात, एखाद्या वकिलाच्या ऑफिसात, बिस्किटाच्या डब्यावर नाहीतर ख्रिसमस कार्डावर. इंग्लंडमधल्या घोड्यांच्या टपालगाड्यांची ही चित्रं, तिकडे त्यांना कोचिंग प्रिंट म्हणतात. मुंबईच्या चोरबाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात, नाहीतर कुणी जुना बंगला रिकामा करत असेल तर अजूनही हाताला लागतात आणि ऑनलाइन तर ढिगाने आहेत. गोची एवढीच की त्यात दोनशे वर्षांपूर्वी तांब्याच्या पत्र्यावरून छापलेलं चित्र आणि चाळीस वर्षांपूर्वी ऑफसेटवर छापलेली कॉपी अगदी सारख्या फ्रेममध्ये शेजारी शेजारी लावलेल्या असतात, आणि विकणाऱ्यालाही फरक माहीत असतोच असं नाही.

म्हणून नवीन माणसाला मी एकच सांगतो, की चित्र सगळ्यात शेवटी बघा. आधी शाई, मग कागद, मग चित्राखालची अक्षरं, आणि हे सगळं झालं की मग घोडे. उलट केलं तर घोडे आवडतात आणि मग बाकीचं सगळं आपण माफ करत सुटतो.

पण त्याआधी ही चित्रं कुठली आणि कधीची ते थोडं डोक्यात असायला हवं, नाहीतर पुढचं काहीच लागणार नाही.

बाथ गावचा जॉन पामर म्हणून एक जण होता, त्याच्या डोक्यातून ही कल्पना निघाली. तोवर टपाल घोड्यावरची पोरं न्यायची, वेळेचा भरवसा नाही, वाटेत लुटालूट. पामरच्या सांगण्यावरून २ ऑगस्ट १७८४ ला पहिली मेल कोच, म्हणजे टपालाची घोडागाडी, ब्रिस्टलहून दुपारी चारला निघाली आणि सोळा तासांत लंडनला पोचली. त्यानंतर साठेक वर्षं हा कारभार जोरात चालला. साधारण दर दहा मैलांवर ताजे घोडे तयार ठेवलेले, टोलनाक्यावर मेलला टोल नाही, गार्डने लांबून भोंगा वाजवला की नाकेवाल्याने फाटक उघडून ठेवायचं. मग १८३० मध्ये लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे सुरू झाली, त्याच वर्षी टपालही रेल्वेत चढलं आणि १८४६ पर्यंत लंडनहून सुटणाऱ्या मेल कोच संपल्या. आपल्याकडे बोरघाटातून चाकाच्या गाड्या जातील असा रस्ता झाला तोही १८३० मध्येच, म्हणजे तिकडे घोडागाडीचे दिवस भरत आले होते तेव्हा इकडे घाटात ती नुकती चढायला लागली होती, आणि घाटात रेल्वे आली ती १८६३ ला.

या गाड्या रंगवणाऱ्यांत सगळ्यात ओळखीचं नाव जेम्स पोलार्ड, १७९२ ते १८६७. दुसरा चार्ल्स कूपर हेंडरसन, तिसरं आल्कन घराणं. पोलार्डची चित्रं मूळची तैलरंगातली, आणि ती बघून दुसरे कारागीर तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापायचे. त्यामुळे प्रिंटवर पोलार्डचं नाव असलं तरी पोलार्डचा हात त्या कागदाला लागलेला असेलच असं नाही, आणि यात फसवणूक काही नाही, तेव्हाची पद्धतच ती होती.

आता कामाला लागू.

पहिलं काम, फ्रेम उघडायला लावा. दुकानदार नाही म्हणाला तर किंमत रिप्रिंटची समजूनच बोला, कारण काचेआडून बघून काहीही नक्की सांगता येत नाही. उघडताना घाई करू नका, मागे बहुतेक वेळा प्लायवूड नाहीतर भुगा झालेला पुठ्ठा असतो, खिळे गंजलेले असतात आणि कागद काचेला चिकटलेला असू शकतो. चिकटला असेल तर ओढायचा नाही, तसाच ठेवायचा, ते काम तज्ज्ञाचं आहे.

दुसरं, दहापट भिंग. सोनाराकडे असतं तसलं छोटं घडीचं भिंग घ्या, स्वस्तात मिळतं, आणि या छंदात यापेक्षा उपयोगाची वस्तू दुसरी नाही. भिंग आकाशावर धरा, घोड्यांवर नाही. एकसारखे नेमक्या अंतरावर बसवलेले रंगीत ठिपके दिसले, गुलाबाच्या पाकळ्यांसारखी त्यांची गोल नक्षी दिसली, तर ते ऑफसेट. तिथेच विषय संपला, वर साल कुठलंही छापलेलं असू दे. खऱ्या जुन्या प्रिंटमध्ये ठिपके नसतात. ती बहुतेक अक्वाटिंट असते, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर राळेची पूड पसरून ती तापवून चिकटवायची, मग आम्ल घालायचं, राळेच्या कणांच्या मधल्या फटीत आम्ल पत्रा खातं आणि त्या खाचांत शाई बसते. भिंगाखाली ते शाईचं वेडंवाकडं बारीक जाळं दिसतं आणि मधे कागदाची पांढरी बेटं. आकाशाची, ढगांची, धुक्याची ती मऊ छटा या जाळ्यामुळेच येते, रेघा मारून तशी छटा आणायची तर फार कष्ट पडतात.

या जाळ्यावर जो रंग आहे तो वेगळा, तो हाताने लावलेला जलरंग. छापखान्यात किंवा दुकानात बसून कामगार एकेक प्रत रंगवायचे. त्यामुळे लाल रंग चाकाच्या रेघेबाहेर जरासा गेलेला, कडेला रंगाचं पाणी साचून गडद झालेली किनार, ब्रश उचलला तिथे टोक, असं काहीतरी सापडायलाच हवं. एकाच चित्राच्या दोन प्रती शेजारी ठेवल्या तर रंग तंतोतंत जुळत नाहीत, आणि जुळले तर शंका घ्यायची.

इथे दोन गोष्टी नवीन माणसाला गोंधळात टाकतात. एक म्हणजे क्रोमोलिथो, दगडावरून एकेक रंग वेगळा छापलेला, त्यात वेगवेगळ्या रंगांचे अनियमित ठिपके एकमेकांवर पडलेले दिसतात. आपल्याकडे रवि वर्मा प्रेसची देवदेवतांची चित्रं मळवलीला याच जातीच्या तंत्राने छापली जायची, घरात एखादं असेल तर त्यावर भिंग धरून बघा, डोळा लगेच तयार होतो. घोडागाडीची क्रोमोलिथोही शंभर-सव्वाशे वर्षं जुनी असू शकते, ती टाकाऊ नाही, फक्त ती १८३० ची नाही. दुसरी गोष्ट कोलोटाइप, फोटोवरून केलेली छपाई, तिच्यातही जाळ्यासारखं काहीतरी दिसतं पण ते फार बारीक, किड्यांसारखं वळवळलेलं, आणि शाई कागदात सपाट बसलेली असते.

सपाट आहे की उठलेली हे बघायचं तर तिसरी तपासणी, मोबाइलचा टॉर्च. खोली थोडी अंधारी करा आणि टॉर्च कागदाला जवळजवळ टेकवून आडवा धरा. पत्र्यावरून छापलेल्या चित्रात गडद रेघा किंचित उठून दिसतात कारण ओला कागद प्रेसच्या दाबाने खाचेत शिरून शाई ओढून घेतो. त्याच दाबाने चित्राच्या चारी बाजूंना पत्र्याच्या कडेचा दबलेला चौकोन उमटतो, त्याला प्लेटमार्क म्हणतात. पण फक्त प्लेटमार्कवर भरवसा नको, ऑफसेट कॉपीवर कोरा पत्रा दाबून हा चौकोन पाडून देतात, मी अशा बऱ्याच पाहिल्यात. भिंग आणि टॉर्च दोन्ही एकच सांगत असतील तरच पुढे जा.

चौथं, कागद. प्रकाशासमोर धरा. जे. व्हॉटमन हे कागद बनवणाऱ्याचं नाव आणि खाली एखादं साल असा पाण्याचा छाप दिसला तर फार छान, पण हुरळून जाऊ नका, साल नीट वाचा. चित्राखाली १८३० लिहिलंय आणि कागदात १८२८ आहे, तर हिशोब जुळतो. कागदातलं साल छापलेल्या तारखेच्या बरंच पुढचं असेल तर जुन्या पत्र्यावरून नंतर काढलेली प्रत आहे. छाप दिसलाच नाही तरी निराश होऊ नका, मोठ्या तावातून कापताना तो भाग दुसऱ्या तुकड्यात गेलेला असू शकतो. आणखी एक सोपी युक्ती, नोटा तपासायला वापरतात तो यूव्ही टॉर्च अंधारात कागदावर मारा. कागद निळसर पांढरा चमकला तर त्यात चकाकी आणणारं रसायन आहे, आणि ते कागदात साधारण १९५० च्या सुमारास यायला लागलं. चहाचं पाणी लावून कितीही पिवळा केला तरी असा कागद चमकतो. जुना चिंध्यांचा कागद मंद दिसतो.

पाचवं, खालची अक्षरं. हे लोक घाईघाईत सोडून देतात आणि खरी माहिती तिथेच असते. डावीकडे चित्रकाराचं नाव आणि पुढे पिंक्सिट, म्हणजे रंगवलं त्याने. उजवीकडे स्कल्प्सिट, म्हणजे पत्र्यावर कोरलं त्याने. मधे किंवा अगदी खाली प्रकाशकाचं नाव, पत्ता आणि तारीख. इंग्लंडमध्ये १७३५ पासून छापील चित्रांना कॉपीराइटचं संरक्षण होतं आणि त्यासाठी नाव आणि तारीख पत्र्यावर कोरावी लागायची, म्हणून ती ओळ असते. बऱ्याच प्रिंट जुन्या फ्रेमच्या मापात बसवायला म्हणून कापून टाकलेल्या आहेत आणि नेमकी हीच ओळ गेलेली असते. अशी प्रत खरी असली तरी तिची किंमत बरीच कमी होते, त्यामुळे घासाघीस करायला हे कारण बिनधास्त वापरा.

आणि आता चित्र बघा. मला सगळ्यात जास्त आवडतो तो हा भाग, कारण ही चित्रं नुसती शोभेची नाहीत, गाडी कशी चालायची त्याचा हिशोब त्यांत मांडून ठेवलेला आहे.

उदाहरण म्हणून पोलार्डची एक प्रसिद्ध प्रिंट घेऊ, लंडनच्या जनरल पोस्ट ऑफिससमोरून रॉयल मेल सुटतायत ती. आर. जी. रीव्हने कोरलेली, १८३० ची. मागे सेंट मार्टिन्स-ले-ग्रांडची ती खांबांची मोठी इमारत, ती १८२९ ला सुरू झाली, म्हणजे चित्र निघालं तेव्हा इमारत अगदी कोरी होती, लोक नुसती बघायला जमायचे. रात्री आठच्या ठोक्याला इथून देशभरच्या मेल सुटायच्या. गाडीवर बघा, वरचा भाग काळा, खालचा मरून, चाकं लाल, दारावर राजचिन्ह. पुढच्या पेटीवर राजाची आद्याक्षरं असतात, जॉर्जच्या काळात जी आर, १८३० ते १८३७ विल्यमच्या काळात डब्ल्यू आर, त्यानंतर व्हिक्टोरियाची व्ही आर. अक्षरं वाचता येण्याइतकं चित्र स्पष्ट असेल तर काळ तिथेच कळतो.

मग मागे बघा. गार्ड एकटा बसलेला असतो, पाय टपालाच्या कुलूपबंद पेटीवर. त्याच्याजवळ टपावर कुणालाही बसू द्यायचे नाहीत, कारण टपालाची राखण त्याच्यावर. एक ब्लंडरबस बंदूक, दोन पिस्तुलं, भोंगा आणि कुलूप लावलेल्या डबीतलं घड्याळ. गाडीवान हा ठेकेदाराचा माणूस, पोस्टाचा नोकर फक्त गार्ड. त्या घड्याळाची गंमत अशी की तेव्हा गावोगावची वेळ वेगळी होती, ब्रिस्टल लंडनच्या दहाएक मिनिटं मागे, म्हणून घड्याळंच दिशा बघून जरा पुढे किंवा मागे पळतील अशी लावून द्यायचे. रेल्वे येऊन सगळीकडे एक वेळ होण्याआधीची ही गोष्ट, आणि ती एका लाल कोटवाल्याच्या डबीत मावली होती.

तर टपावर मागेपर्यंत माणसं, सामान, टोपल्या लटकतायत, गाडीचा रंग पिवळा नाहीतर हिरवा, आणि दारावर मोठ्या अक्षरात गावांची नावं असतील, तर ती मेल नव्हे, खाजगी स्टेजकोच, म्हणजे प्रवाशांची गाडी. दोन्ही छान, पण विकणारा रॉयल मेल म्हणून सांगत असेल तर आपल्याला कळलं पाहिजे.

घोडे मात्र तारीख सांगायला उपयोगी पडतात ते वेगळ्याच कारणाने. जुन्या चित्रांत पळणारा घोडा पुढचे दोन पाय पुढे आणि मागचे दोन मागे ताणून हवेत तरंगताना दाखवतात. घोडा असा कधीच पळत नाही. १८७८ मध्ये मायब्रिज या फोटोग्राफरने कॅलिफोर्नियात ओळीने कॅमेरे लावून फोटो काढले तेव्हा हे सिद्ध झालं आणि त्यानंतर हळूहळू चित्रकारांचे घोडे बदलले. त्यामुळे १८२५ ची म्हणून दाखवलेल्या प्रिंटमध्ये घोड्याचे पाय फोटोतल्यासारखे अचूक पोटाखाली गोळा झालेले असतील तर चित्र नंतर कुणीतरी जुन्या काळाच्या आठवणीत काढलंय हे नक्की. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अशी चित्रं खूप निघाली, बर्फात अडकलेली गाडी, सराईच्या दारात पेटलेले दिवे वगैरे. डिसेंबर १८३६ मध्ये खरोखरच प्रचंड बर्फ पडून मेल ठिकठिकाणी अडकल्या होत्या, पण ख्रिसमस कार्डावरचा बर्फ बहुतेक आठवणीतला.

विषय कुठला हेही बघा, कारण नुसती धावणारी गाडी आणि एखादी घटना यांत किमतीचा फरक पडतो. २० ऑक्टोबर १८१६ ला सॉल्सबरीजवळ एक्झिटर मेलवर फिरत्या प्राणीसंग्रहालयातून सुटलेल्या सिंहिणीने हल्ला केला होता, पुढच्या जोडीतल्या घोड्याला धरलं होतं. त्याची पोलार्डची प्रिंट आहे, आणि तिला मागणी जास्त.

एक प्रकार राहिला, रिस्ट्राइक. पत्रा खरा, छपाई उशिराची. अक्वाटिंटचं नाजूक जाळं लवकर झिजतं, काहीशे चांगल्या प्रती निघाल्या की आकाश विरळ, ठिगळं पडल्यासारखं दिसायला लागतं आणि रेघा तेवढ्या शिल्लक राहतात. मग ते लपवायला रंग जाड लावतात. आकाश जाड निळं आणि खाली जाळं जवळजवळ नाहीच, असं दिसलं तर रिस्ट्राइक समजा. घ्यायला माझी हरकत नाही, स्वस्तात मिळते आणि भिंतीवर छान दिसते, पण पहिल्या छपाईची किंमत देऊ नका.

खरेदीचं थोडक्यात. चोरबाजारात मटन स्ट्रीटची नेहमीची दुकानं शुक्रवारी बंद असतात, पुण्याचा जुना बाजार रविवार आणि बुधवार. ऑनलाइन घेताना पाच फोटो मागा, पाठीमागची बाजू, प्रकाशासमोर धरलेला कागद, खालची ओळ, पट्टी ठेवून माप आणि आकाशाचा अगदी जवळून काढलेला फोटो. शेवटचा फोटो द्यायला टाळाटाळ झाली तर सोडून द्या. आणि घेण्याआधी ब्रिटिश म्युझियम किंवा येल सेंटर फॉर ब्रिटिश आर्टच्या ऑनलाइन संग्रहात तीच प्रिंट शोधून अक्षर न् अक्षर ताडून बघा, फुकट आहे.

घरी आणल्यावर आपला खरा शत्रू पावसाळा. बाहेरच्या भिंतीवर, बाथरूमच्या मागच्या भिंतीवर, स्वयंपाकघराजवळ लावू नका. फ्रेमवाल्याला स्पष्ट सांगा, ॲसिड-फ्री माउंट, मागेही ॲसिड-फ्री बोर्ड, कागद काचेला टेकता कामा नये, आणि सेलोटेप, फेविकॉल, ड्राय माउंटिंग (म्हणजे गरम दाबाने पुठ्ठ्यावर चिकटवणं) यातलं काहीही नको. प्रिंट फक्त वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन छोट्या पट्ट्यांनी, गव्हाच्या खळीने लटकवायची, म्हणजे उद्या कुणालाही पाणी लावून ती काढता येईल. बरेच फ्रेमवाले पूर्ण कागद पुठ्ठ्यावर चिकटवून देतात आणि वर सांगतात की आता सुरकुती पडणार नाही, तेव्हा समोर उभं राहूनच काम करून घ्या. काच यूव्ही अडवणारी मिळाली तर उत्तम, नाही मिळाली तर ऊन येत नाही अशी भिंत निवडा, जलरंग उजेडाने उडतात आणि परत येत नाहीत. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा, भिंत आणि फ्रेममध्ये हवा खेळते. गणपतीच्या सुमारास एकदा उतरवून मागे बघा, कसर, वाळवीची माती, काळी बुरशी यातलं काही दिसतंय का. बुरशी दिसली तर ओल्या फडक्याने पुसू नका, प्लास्टिकच्या पिशवीतही कोंडू नका, फ्रेममधून काढून पंख्यापासून लांब कोरड्या खोलीत ठेवा आणि कागदाचं काम करणाऱ्या संवर्धकाला दाखवा. तपकिरी डाग घालवायला घरी ब्लीच वापरायचं नाही, डागासकट कागद जातो.

परदेशात राहणाऱ्यांसाठी एक, इथे आजोबांच्या घरात सापडलेली प्रिंट बॅगेत टाकून नेऊ नका. शंभर वर्षांपेक्षा जुनी कलावस्तू भारताबाहेर न्यायला १९७२ च्या पुरावस्तू कायद्याचं बंधन आहे, मग ती मुळात लंडनमध्ये छापलेली का असेना. आधी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करा. तिकडून इकडे मागवत असाल तर पाठवणाऱ्याला बिलावर अंदाजे साल आणि मूळ हाताने छापलेलं चित्र असं लिहायला सांगा, नुसतं पोस्टर लिहिलं की कस्टममध्ये वाद होतो.

आणि जे काही कळलं ते, म्हणजे कुठून घेतली, कधी, कागदात काय छाप आहे, खालची ओळ काय, सगळं मऊ पेन्सिलने मागच्या बोर्डवर लिहून ठेवा, प्रिंटवर नाही आणि बॉलपेनने तर मुळीच नाही.